काही बिघडलं का?

घरातले सगळे कॉम्प्युटर एकाच वेळी नीट चालू असले की मला करमत नाही. जेवणात लक्ष लागत नाही. हात धुण्याच्या निमित्ताने उठतो आणि एकेकाचं झाकण उघडून बघतो. कुठे काही अडकलंय का, पंखा उगीच घरघरतोय का, निदान वायफाय तरी गेलंय का. सगळं ठणठणीत असतं. मी तोंड पाडून परत ताटावर येतो.

"काय झालं?" बायको विचारते.

"काही नाही झालं."

"मग तोंड का असं?"

"काही नाही झालं म्हणूनच."

हा प्रसंग आमच्याकडे दर नऊ-दहा आठवड्यांनी येतो. लिनक्सचं नवं कर्नल साधारण तेवढ्या अंतराने येतं आणि ते पक्कं होण्याआधी घरच्या सगळ्या यंत्रांवर चालवून बघायचं, असं व्रत मी घेतलंय. मला हे कुणी सांगितलेलं नाही. याचे पैसे कुणी देत नाही. उतू नये, मातू नये, एवढाच त्याचा नेम.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुम्ही माऊस हलवता, फाइल उघडता, गाणं लावता, तेव्हा पडद्यामागे जी काही धावपळ होते ती सगळी त्याची. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली आपल्या ३८६ कॉम्प्युटरसाठी ते लिहायला घेतलं आणि हा आपला निव्वळ छंद आहे, यातून फार मोठं काही निघायचं नाही, असं जगाला कळवून टाकलं. आज जगातले पहिले पाचशे महासंगणक त्याच्यावर चालतात आणि तुमच्या खिशातला अँड्रॉइडही. कोडच्या ओळी चार कोटींच्या घरात गेल्यात. हा छंद लागला तेव्हा त्याच्या घरच्यांना कुणी सावध केलं होतं की नाही, माहीत नाही. माझ्या घरच्यांना तरी कुणी केलं नाही.

नव्या आवृत्तीची पद्धत ठरलेली आहे. आधी दोन आठवडे जगभरातून आलेले बदल आत घ्यायचे. हे बदल तेरा-चौदा हजार असतात. मग दार बंद. त्यानंतर दर रविवारी एक कच्ची आवृत्ती, म्हणजे आरसी, बाहेर पडते आणि अशा सात-आठ झाल्या की पक्की. आता लिनस राहतो अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात. त्याची रविवार दुपार म्हणजे आपली सोमवारची पहाट. दूधवाला यायच्या आधी उठून मी कर्नल उतरवायला लावतो आणि दिवसभर ऑफिसात पेंगतो. "रविवार जोरात झालेला दिसतोय," साहेब डोळा मारून म्हणतात. जोरात झालेला रविवार माझा नव्हता, पोर्टलंडचा होता, हे समजावून सांगण्याइतकीही शुद्ध मला नसते.

नंबरांतही फार अर्थ शोधू नये. २०११ साली २.६.३९ नंतर एकदम ३.० आलं. पुढे ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.०, ५.१९ नंतर ६.०. हातापायाची बोटं मोजून संपली की मी पुढचा आकडा घेतो, असा खुलासा लिनसने केलेला आहे. हे मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "महसूल खात्यात असता तर सस्पेंड झाला असता."

बाबा महसूल खात्यातून निवृत्त. त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी खऱ्या, नोंद आणि सही. सध्या ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि पाण्याची टाकी धुण्यापासून कुत्र्यांच्या वर्तणुकीपर्यंतच्या नोटिसा स्वतःच्या डेस्कटॉपवर टाइप करून, स्वतःच्या प्रिंटरवर छापून, स्वतः चिकटवतात. त्या डेस्कटॉपला मी हात लावायचा नाही, असा घरात तोंडी ठराव आहे.

ठराव व्हायला कारणही झालं. लिनक्समध्ये एक जुनी गंमत आहे. प्रिंटरने काहीतरी अडचण असल्याचं कळवलं, पण कागदही संपलेला नाही आणि प्रिंटर बंदही नाही, असं दिसलं की कर्नल नोंदवहीत लिहून ठेवतं, 'एलपी झीरो ऑन फायर'. म्हणजे प्रिंटरला आग लागलीय. हे मी बाबांना कौतुकाने सांगितलं. बाबांनी त्या दिवसापासून रात्री झोपताना प्रिंटरचं बटण भिंतीतून बंद करायला सुरुवात केली आणि चौथ्या दिवशी जिन्यात नोटीस लागली, की सर्व सभासदांनी आपापल्या प्रिंटरची काळजी घ्यावी.

दुसरं कारण मी त्यांना स्वतःच पुरवलं. २०२१ साली ५.१२ची पहिली आरसी आली, तिच्यात असा घोटाळा होता की स्वॅप फाइल वापरणाऱ्याच्या डिस्कवर कर्नल भलत्याच जागी लिहायचं. फाइल राहिली बाजूला, सगळी फाइलसिस्टिमच खलास. लिनसने लगोलग सगळ्यांना सावध केलं आणि त्या आवृत्तीच्या नावालाच शेपूट जोडलं, 'डोन्ट यूज'. बाबांनी चष्मा पुसून ते स्वतः वाचलं.

"ज्याने केलं तोच म्हणतोय वापरू नका?"

"हो, पण हा प्रामाणिकपणा बघा ना बाबा."

"प्रामाणिकपणा बघितला. आता माझ्या कॉम्प्युटरपासून लांब हो."

त्याच आवृत्तीच्या वेळी ओरेगॉनमध्ये हिमवादळ होऊन लिनसच्या घरची लाइट सहा दिवस गेली होती. हे ऐकून मात्र बाबांना त्याच्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. "तिकडेही जाते?" असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

बाबांचा डेस्कटॉप वगळता बाकीची यंत्रं माझ्या प्रयोगांना मोकळी आहेत. मालकांनी परवानगी दिलीय असं नाही, मालक झोपलेले असतात एवढंच. माझा एक दणकट लॅपटॉप, ज्याच्यावर कर्नल कंपाइल होतं आणि ते होताना तो इतका तापतो की हिवाळ्यात मांजर येऊन बसतं. मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप. टीव्हीच्या पाठीमागे दुहेरी टेपने चिकटवलेला तळहाताएवढा कॉम्प्युटर. एक म्हातारं ३२-बिटी नेटबुक, एक जीबी मेमरीचं. आणि जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेला लॅपटॉप, ज्याची बॅटरी चार्जर काढल्यापासून स्विचपर्यंत जाऊन यायला पुरते. त्याच्या स्क्रीनची बिजागरी मी तपकीर गल्लीत दुरुस्त करायला नेली होती. दुकानदाराने लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "साहेब, ठेवा आठवण म्हणून."

लोक विचारतात, यात तुझा फायदा काय? खरं सांगायचं तर माझा डोळा नावावर आहे. कर्नलमधल्या प्रत्येक बदलाखाली नावांच्या ओळी असतात. कोणी लिहिला, कोणी तपासला, दोष कोणी कळवला, चालवून कोणी बघितलं. 'रिपोर्टेड-बाय', 'टेस्टेड-बाय'. एकदा लागलेलं नाव कायमचं राहतं. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदारांची नावं रंगवलेली असतात आणि पंखा फिरायला लागला की ती कुणालाच वाचता येत नाहीत, तरी लोक पंखे देतातच की नाही? सगळं नीट चाललं, एवढं कळवूनही कधीकधी नाव लागतं म्हणा. पण ती हजेरी झाली. खरा मान दोष सापडला तर. म्हणून मी घरभर दोष शोधत हिंडतो.

कंपाइल करण्याआधी कर्नल तुम्हाला प्रश्न विचारतं. या आवृत्तीत जे जे नवीन आलंय ते तुम्हाला हवंय का? अमुक कारखान्यातला दाब मोजायचा सेन्सर घ्यायचा का? तमुक डेटासेंटरमधलं नेटवर्क कार्ड, जे एकट्याने आमच्या सगळ्या कॉम्प्युटरांहून महाग असेल, ते जोडणार का? प्रश्नाखाली मदतीचा मजकूर असतो. तो वाचला की आधी जे थोडंफार समजलंय असं वाटत होतं तेही जातं. पण त्याच्या शेवटी बहुधा एक वाक्य असतं, 'इफ अनशुअर, से एन'. खात्री नसेल तर 'नाही' म्हणा. चहा ठेवायला आलेल्या बायकोने ते माझ्या खांद्यावरून वाचलं.

"हे चांगलंय," ती म्हणाली. "आमच्या वेळी कुणी लिहून ठेवलं नव्हतं."

मी पुढच्या तीन-चार प्रश्नांना न वाचताच 'नाही' म्हटलं.

मग कर्नल एकेका यंत्रावर टाकायचं आणि रिस्टार्ट करून वाट बघायची. या क्षणाला माझे हात थरथरतात. सुरुवातीला भराभर ओळी वर सरकतात, त्यात एक बोगोमिप्स नावाचा आकडा येतो. प्रोसेसर सेकंदाला किती वेळा काहीही न करता बसू शकतो, त्याचा तो साधारण अंदाज. बाबांना हा आकडा फार आवडला. "आमच्याकडे हे मोजायची सोय नव्हती," ते म्हणाले, "नाहीतर बढत्या सोप्या झाल्या असत्या."

टीव्हीमागच्या कॉम्प्युटरवर नवं कर्नल टाकायला मी क्रिकेटच्या अंतिम सामन्याची संध्याकाळ निवडली, ही गोष्ट घरात अजून निघते. माझं म्हणणं एवढंच, की भाराखाली चाचणी करायची तर भार त्याच दिवशी सगळ्यात जास्त असतो. मामा आले होते, मामी आल्या होत्या, शेजारचे काका स्वतःची खुर्ची घेऊन आले होते. चित्र झकास आलं. आणि दहाव्या की अकराव्या षटकात आवाज गेला.

"गेला!" मी टाळी वाजवून ओरडलो. "गेला, गेला!"

नेमक्या त्याच चेंडूवर आपला सलामीचा फलंदाज त्रिफळाचीत झाला होता. मामांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेने आमच्या घराण्यात आजवर फक्त एका जावयाकडे बघितलं गेलंय. पण मला त्याचं भान नव्हतं. एचडीएमआयचा ध्वनी, एआरएम प्रोसेसर, आरसी थ्री. मी मनातल्या मनात अहवाल लिहायला घेतला होता. पुढची सात-आठ षटकं बाबांनी तोंडी समालोचन केलं. "सदर चेंडू यष्टीबाहेर. फलंदाजाने तो सोडून दिला. कार्यवाही नाही." मग मामी रिमोटवर बसलेल्या आहेत असं लक्षात आलं. त्या उठल्या, म्यूट निघालं आणि माझा दोषही.

नेटबुकची कथा वेगळी. ते ३२-बिटी आहे आणि अशा यंत्रांचे दिवस भरत आलेत. लिनक्स ज्या ३८६ वर जन्मलं त्या ३८६चा आधार २०१३मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीत काढून टाकला गेला, म्हणजे नव्या कर्नलला आता स्वतःच्या जन्मघरात पाऊल टाकता येत नाही. "यात नवीन काय?" बाबा म्हणाले. "आपल्या सोसायटीतली निम्मी मुलं बोस्टनला आहेत." तर या नेटबुकवर मेमरी संपली की कर्नलचा ओओएम किलर जागा होतो. तो प्रत्येक प्रोग्रामला गुण देतो आणि ज्याला सर्वांत जास्त गुण मिळतील त्याला ठार करतो. मी एकदा नेटबुक किती हळू चाललंय याचा सविस्तर अहवाल नेटबुकवरच लिहीत होतो. गुणवत्ता यादीत पहिला नंबर माझ्या अहवालाचा आला.

पॅनिकचं रूपही आता पालटलंय. पूर्वी कर्नल पॅनिक झालं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची आणि कॅप्स लॉकचा दिवा उघडमिट करायचा. तो दिवा बघितला की माझ्या पोटात गोळा यायचा, आनंदाचा. २०२४च्या नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ पासून मात्र पॅनिकच्या पडद्यावर क्यूआर कोड दाखवायची सोय झाली आहे. तो मोबाइलने स्कॅन केला की कर्नलने शेवटी काय काय म्हटलं ते मिळतं. सोय उत्तम. फक्त ती भारतात वापरली जाईल याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. मुलीच्या लॅपटॉपवर मी मुद्दाम पॅनिक घडवून आणलं आणि तो दिवाणखान्यात टेबलावर ठेवून फोन शोधायला आत गेलो. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका सोसायटीचा मेंटेनन्स भरायला आले. बाबा पावतीपुस्तक काढेपर्यंत त्यांनी समोर दिसलेला कोड तत्परतेने स्कॅनही केला.

मी बाहेर आलो तेव्हा काका मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून उभे होते. त्यावर एक पत्ता आणि त्याला लागून न संपणारा आकडा होता. कर्नल आपलं गाऱ्हाणं आकड्यांत गुंडाळून देतं.

"एवढा?" काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हे पार्किंग धरून आहे का?"

बाबांनी शांतपणे पावतीपुस्तक बंद केलं. "थकबाकी असेल," ते म्हणाले. काकांनी मागच्या तीन महिन्यांचे पैसे रोख दिले. कर्नलचा समाजाला झालेला हा पहिला प्रत्यक्ष उपयोग.

आणि मग एका सोमवारी पहाटे माझं नशीब उघडलं, म्हणजे जुन्या बाजारातल्या लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि पडदा काळाच राहिला. झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, उघडलं की उठतो, हे जुन्या कर्नलवर व्यवस्थित चालत होतं. नव्यावर तो झोपायचा आणि उठायचाच नाही. पूर्वी चालत होतं ते आता चालत नाही, याला रिग्रेशन म्हणतात आणि लिनस दुसरं काहीही एक वेळ सोडेल, पण वापरणाऱ्याचं चालतं काम मोडलेलं त्याला खपत नाही. मी लॅपटॉप सोडवायला मॅजिक सिस-रिक्वेस्टचा प्रयोग केला. त्यात एका हाताने दोन बटणं दाबून ठेवून दुसऱ्याने आर, ई, आय, एस, यू, बी अशी अक्षरं सावकाश दाबायची असतात. ती लक्षात राहावीत म्हणून हत्ती पाळणं किती कंटाळवाणं आहे, अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य पाठ करतात. जुन्या लॅपटॉपवर ते बटण एफएनखाली दडलेलं असल्याने दहाही बोटं गुंतली. बायको पाणी प्यायला उठली, तिने अंधारात मला कीबोर्डवर वाकून हत्तींबद्दल पुटपुटताना बघितलं आणि दिवा न लावता परत गेली.

दोष सापडला, पण चौदा हजार बदलांतला कोणता? त्यासाठी गिट बायसेक्ट आहे. गिटही लिनसनेच लिहिलं, २००५ साली. बायसेक्टची रीत सोपी. मधोमध जायचं, ते कर्नल बांधून बघायचं, चांगलं की वाईट ते सांगायचं. वाईट असेल तर दोष आधीच्या अर्ध्यात, चांगलं असेल तर नंतरच्या. चौदा हजारांचे सात हजार, सातचे साडेतीन. असे चौदा फेरे झाले की गुन्हेगार हाती. कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात दर फेऱ्याला कर्नल कंपाइल करायचं, लॅपटॉपवर टाकायचं, झाकण लावायचं आणि तब्बल अर्धा तास हात लावायचा नाही, कारण हा दोष थोडक्या झोपेत दिसायचाच नाही. गाढ झोप लागायला हवी.

घरात सूचना झाल्या. बाबांनी उत्साहाने नोटीस छापून दिली, 'झाकण उघडू नये. हुकमावरून.' कामाच्या मावशी ती वाचून लॅपटॉपला वळसा घालून केर काढू लागल्या. मुलगी मैत्रिणींना दबक्या आवाजात सांगायची, "बाबांचा लॅपटॉप झोपलाय." मी ऑफिसातून फोन करायचो. "उठला का?" शेजारच्या काकूंनी एकदा मला जिन्यात गाठून, घरात कुणी आजारी आहे का, असं विचारलं.

शेवटच्या फेऱ्यानंतर गिटने निकाल दिला. अपराधी बदल हा हा. मी धडधडत्या छातीने तो उघडला. त्यात कुणीतरी एका टिपणीमधलं स्पेलिंग दुरुस्त केलं होतं. एक अक्षर. आणि त्या अक्षरामुळे माझ्या लॅपटॉपचा पडदा काळा होत होता!

मी रात्रभर विचार केला. सकाळी बायकोला विचारलं, "परवा दुपारी या लॅपटॉपच्या प्लगला कुणी हात लावला होता का?"

"चटणी वाटली ना मी. मिक्सरला दुसरा सॉकेट कुठाय?"

म्हणजे त्या फेऱ्यात लॅपटॉपला दोष नव्हताच, बॅटरी मेली होती. मी त्याला 'वाईट' असा शिक्का मारला आणि तिथून पुढचा सगळा तपास भलत्या गल्लीत गेला. चटणी शेंगदाण्याची होती. ती मी त्या दिवशी दोनदा मागून घेतली होती.

पुन्हा सगळे फेरे केले. या वेळी मिक्सरला बंदी होती, घरात आठवडाभर लोणचं चाललं. गुन्हेगार खरा निघाला. डिस्प्लेच्या ड्रायव्हरमध्ये, झोपताना वीज कोणत्या क्रमाने तोडायची याची कुणीतरी केलेली सुधारणा. मी रीतसर अहवाल पाठवला. तासाभरात उत्तर आलं. सभ्य, आखूड आणि छातीत घुसणारं. तुमचं कर्नल टेंटेड आहे, आधी स्वच्छ कर्नलवर करून दाखवा.

आत्या त्या दिवशी आलेली होती. तिने विचारलं, "काय रे, काय म्हणतात?"

"अगं, वायफायच्या चिपसाठी कंपनीचा एक बंद डब्यातला प्रोग्राम घातलाय. त्याच्या आत काय आहे ते कुणालाच बघता येत नाही. तो घातला की कर्नल तशी खूण लावून ठेवतं. मग हे लोक तक्रार ऐकत नाहीत."

"म्हणजे बाटलं."

"तसंच."

"आणि आता?"

"तो काढायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, आणि मधे त्याला शिवायचंसुद्धा नाही."

"बरोबर आहे त्यांचं," आत्या म्हणाली. आमच्या घरात लिनक्सला मिळालेला हा पहिला बिनशर्त पाठिंबा.

वायफाय काढून, केबल ओढून, सोवळ्यात सगळं करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तीन ओळींची दुरुस्ती आली, हे लावून बघाल का? कर्नल बांधलं, झाकण लावलं. अर्ध्या तासाने सगळे भोवती जमले. मावशीसुद्धा केरसुणी हातात घेऊन थांबल्या. मी झाकण उचललं. पडदा लागला.

"लागला!"

"म्हणजे," बायको सावकाश म्हणाली, "आधी होतं तसंच झालं?"

"अगदी तसंच."

"आणि यासाठी आम्ही लोणचं खाल्लं."

पुढच्या आरसीत ती दुरुस्ती गेली. सोमवारी पहाटे मी ती उघडली आणि खाली माझं नाव होतं. दोन ओळींत, दोनदा. मी बाबांना उठवलं. त्यांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं.

"वडिलांचं नाव कुठाय?"

"बाबा, तिकडे नाव आणि आडनावच लावतात."

"या नावाचे नुसत्या कोथरूडात दहा निघतील. तो तूच कशावरून?"

"ई-मेल आहे ना पुढे."

"ई-मेल हा पुरावा नव्हे. दुरुस्तीचा अर्ज टाक. सातबाऱ्यावरचं नाव फेरफार करून बदलता येतं, हे काय मोठं?"

मग मी त्यांना समजावलं, की गिटमध्ये प्रत्येक बदलाचा क्रमांक हा त्यातल्या मजकुरावरून आणि आधीच्या बदलाच्या क्रमांकावरून काढलेला असतो. मागचं एक अक्षर हलवलं तरी पुढचे सगळे क्रमांक बदलतात आणि जगभरच्या प्रतींशी ते जुळत नाहीत. चोरून काही करताच येत नाही.

बाबा एकदम उठून बसले.

"म्हणजे एकदा लागलेली नोंद कुणालाच बदलता येत नाही?"

"नाही."

"त्या लिनसलाही?"

"त्यालाही नाही."

"मंत्रालयातून फोन आला तरी?"

"तरी नाही."

बाबा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. छत्तीस वर्षांची नोकरी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावी. "चांगलं खातं आहे," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर त्यांनी आपल्या डेस्कटॉपवरची नोटिसांची चळत, डिंकाची बाटली आणि शिक्के बाजूला काढून ठेवलेले होते. खुर्ची माझ्यासाठी मागे ओढलेली होती.

"टाक ते तुझं याच्यावर," ते म्हणाले. "फक्त या खेपेला नाव पूर्ण लाव."

"बाबा, नाव लागायला आधी काहीतरी बिघडावं लागतं."

"बिघडेल रे," बाबांनी धीर दिला आणि भिंतीतलं प्रिंटरचं बटण चालू केलं.